कोंडीचं वाण

साथ-इन्स्पेक्टर इद्रिस यांनी कोंडीला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती मेलेली होती. निदान त्यांनी तसं कागदावर लिहिलं होतं.

साल १९१७, पौष महिना. पोशीरच्या शिवारात भात कापून झालेलं, खाचरं मोकळी, आणि एका उंच बांधातून दोन पाय बाहेर आलेले. काळे, भेगाळलेले, तळवे आभाळाकडे. कमरेपासून वरचा माणूस बांधाने गिळलेला. इद्रिस यांची नेमणूक होऊन अकरावा दिवस होता आणि अकरा दिवसांत त्यांना एकही प्लेगचा रोगी मिळाला नव्हता, त्यामुळे ते जरा उतावीळच झाले होते. त्यांनी कापराचा रुमाल नाकाला लावला, तीस पावलं मागे सरले, वारा कुठून येतोय ते पाहून बाजू बदलली आणि पंचनामा लिहायला घेतला. ‘स्त्री, वय अंदाजे साठ. प्रेत अर्धवट पुरलेल्या स्थितीत. नातेवाइकांनी घाईने काम उरकल्याचे दिसते.’ नातेवाइकांच्या निष्काळजीपणावर चार कडक ओळी लिहून ते पाचवीवर आले, तेवढ्यात प्रेताने डाव्या पायाने उजवी पोटरी खाजवली.

इद्रिस यांच्या हातून दौत पडली.

“कोन हाय रं?” बांधाच्या पोटातून आवाज आला. “उगा उबा ऱ्हावू नको. पाय धर आन् वढ.”

इद्रिस यांनी पुढे आयुष्यभर शपथेवर सांगितलं की आपण तत्काळ धावलो. कोंडी सांगायची की त्याने आधी विचारलं, “तुम्ही जिवंत आहात काय?” आणि ती म्हणाली, “न्हाय, मेले. मेलेल्याला वढायला भ्या वाटतं का तुला?” शेवटी त्यांनी ओढलं. पायामागून चिखलाची एक म्हातारी बाहेर आली. तिच्या एका मुठीत शेपट्यांनी धरलेले चार जिवंत उंदीर होते आणि ओटीत दोन शेर भात, उंदरांनी हंगामभर खपून बिळात साठवलेलं. तिने उंदीर इद्रिस यांच्या नाकासमोर धरले. प्लेगचे इन्स्पेक्टर दुसऱ्यांदा तीस पावलं मागे गेले.

कोंडी ही पोशीरच्या वरच्या अंगाला असलेल्या कातकरी वाडीतली. उंदीर काढण्यात तिचा हात धरणारा कर्जतपासून खालापूरपर्यंत कुणी नव्हता, आणि हे तिला इतकं पक्कं ठाऊक होतं की ती इतरांच्या बिळांकडे बघायचीसुद्धा नाही, जसा मोठा गवई दुसऱ्याच्या मैफिलीला जात नाही. बिळाच्या तोंडाशी बोट घालून ती सांगायची, आत तीन आहेत, एक गाभण आहे, आणि भात काढायला उशीर केलात तर दुसरं तोंड त्या करवंदीखाली निघेल. नवऱ्याला जाऊन बारा वर्षं झाली होती. त्याच्याविषयी ती एवढंच म्हणे, “चांगला हुता, पन बिळात मावत नव्हता.”

तिची एकुलती मुलगी जना. आई बांधात शिरली की पोरगी पाय धरून बसायची. बांध हलला, माती सरकली, की आई पाय दोनदा आपटायची आणि जना ओढायची. चार वर्षांची असल्यापासून तिचं हेच काम. यंदा मात्र जना भात वाळवायला आणि पाखडायला गावातल्या विठूशेटच्या वखारीत राहिली होती, हंगाम संपेपर्यंत. शिमग्यानंतर तिचं लगीन ठरलं होतं, आणि शेटनं कबूल केलं होतं की हंगाम पुरा केलास तर लाल लुगडं देईन. म्हणून कोंडी एकटी बांधात शिरत होती आणि सरकारच्या माणसाकडून पाय ओढून घेत होती.

त्या दिवशी बांधावर बसून इद्रिस यांनी तिला सरकारी जाहीरनामा वाचून दाखवला. ते तो दररोज कुणाला ना कुणाला वाचून दाखवत. गावात ऐकायला कुणी बसत नसे. पाटील ऐकता ऐकता झोपत, आणि झोपेत मान डोलावत म्हणून इद्रिस यांना बरं वाटे.

“घरात उंदीर मरून पडल्यास त्यास हात लावू नये,” ते वाचू लागले. “त्यावर रॉकेल ओतून चिमट्याने उचलून जाळावे. कारण उंदीर थंड पडला म्हणजे त्याच्या अंगावरील पिसवा त्यास सोडून माणसाचे अंगावर येतात. उंदीर पडू लागताच चावडीवर वर्दी द्यावी, घर सोडून शेतात मांडव घालून राहावे, अंथरूण-पांघरूण उन्हात टाकावे. कडक ताप, डोळे लाल, बोलणे अडखळणारे, जांघेत अथवा काखेत गाठ, ही रोगाची लक्षणे होत. रोग नसताना लस टोचून घ्यावी.”

“ह्ये कोनी लिवलं?”

“सरकारने.”

“सरकारनं उंदीर कंदी बगितला न्हाय,” कोंडी म्हणाली. “मेल्यावर काय सांगतोस? मरायच्या आदी सांग की. आजारी उंदीर दिसा भाईर येतो. पान्याकडं जातो. दारू प्यालेल्यावानी चालतो, मांजराला भीत न्हाय. क्यास उबे ऱ्हातात. असा येक दिसला की समजायचं, आठ दिसांत घर बसनार.”

इद्रिस यांनी ते सगळं वहीत उतरवून घेतलं. मग घसा साफ करून, अत्यंत नाजूकपणे, त्यांनी विचारलं की असा, म्हणजे आपोआप मेलेला उंदीर मिळाला तर वाडीतली मंडळी तो...

“खातात का?” कोंडीने चारी उंदीर खाली ठेवून त्यांच्याकडे पाहिलं. “मेलेलं तू खातोस का?”

“तोबा! आमच्यात चालत नाही. हाताने कापलेलंच.”

“मंग? आमी काय गिधाडं हाय? हातात तडफडंल तोच उंदीर. मंग इस्तवात टाकायचा, क्यास, पिसवा, समदं जळाया पायजे. तवा सोलायचा.”

इद्रिस यांना इतका आनंद झाला की त्यांनी तिला कोंडीबाई म्हटलं. तिच्या नावाला बाई लागण्याची ही पहिलीच वेळ. तिने मागे वळून पाहिलं, दुसरं कुणी आलंय की काय.

त्यानंतर इन्स्पेक्टर आठवड्यातून दोनदा वाडीत जाऊन बसू लागले. कोंडी सांगेल ते लिहून घेत, आणि अहवालात तिचा उल्लेख ‘विश्वसनीय गृहस्थ’ असा करत.

आता विठूशेट. वखारीत तीनशे पोती भात, माल नेणाऱ्या गाड्या माघात यायच्या, आणि वखारीत उंदीर पडू लागले. वर्दी दिली की गाव बाहेर पडणार, वखारीला सरकारी कुलूप लागणार, गाड्या येणार नाहीत. शेटनं फार विचार केला नाही. ते गुपचूप कर्जतला जाऊन स्वतः टोचून आले आणि जनाला म्हणाले, सकाळी लवकर ऊठ, पडलेले वेच, आणि टोपलीत घालून मागच्या गोठ्यात ठेव. बोभाटा करू नको. लुगडं लक्षात आहे माझ्या.

जना वेचत होती. हाताने.

टोपली भरली. ती कुठे नेऊन टाकायची हा प्रश्न शेटच्या बायकोने, विमलबाईंनी सोडवला. विमलबाई मनाने इतक्या चांगल्या होत्या की त्यांच्या वाटेला जायला गावातली भिकारी माणसंही घाबरत. मुंगीला साखर, गाईला घास, कावळ्याला पिंड, असं त्यांचं दिवसाचं वेळापत्रक भरलेलं असे. संक्रांत होऊन गेली होती, रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चाललं होतं, घरोघर वाणं वाटून झाली होती, आणि त्यांच्या मनाला एकच टोचणी होती की वाडीवरच्या गरिबांना आपण काही दिलं नाही. इकडे गोठ्यात भरलेली टोपली. तिकडे उंदीर खाणारी वाडी. विमलबाईंना वाटलं, ही देवाचीच योजना. कोंडी विधवा, तिला वाण देता येत नाही. पण उंदरांना तो नियम लागू पडतो असं कुठल्या पोथीत लिहिलेलं नव्हतं. त्यांनी टोपलीवर धुतलेलं फडकं घातलं, त्यावर गुळाचा खडा आणि दोन तिळगूळ ठेवले, आणि गड्याच्या डोक्यावर देऊन वाडीत पाठवली.

गडी आला तेव्हा वाडीतली पोरं तिळगुळाकडे धावली. कोंडीने फडकं उचललं.

“बाईंनी पाटवलंय,” गडी म्हणाला. “म्हनल्या, ग्वाड मानून घ्या.”

कोंडीने पोरांना एका ओरडण्यात टेकडीवर पिटाळलं. मग काडीने एकेक उंदीर उलटला. सत्तावीस. एकालाही काठीचा वळ नाही, कुत्र्याचा दात नाही, मान मुरगळलेली नाही. सगळे अखंड, केस उभे.

“मारले कोनी?”

“कोनी न्हाय. पडले.”

“आन् येचले?”

“तुज्या जनीनं,” गडी कौतुकाने म्हणाला. “लई चलाख पोर. रोज सकाळी झाडून-येचून लख करती.”

कोंडीने गड्याला ओढ्यावर हातपाय धुवायला लावले. सुकी लाकडं रचली, टोपली फडक्या-गुळासकट त्यावर ठेवली आणि राख होईपर्यंत उभी राहिली. वाडीतली सातही बिऱ्हाडं दुपारच्या आत डोंगराच्या सोंडेवर हलवली. जाहीरनाम्यातला एकेक शब्द तिने पाळला. पोशीर परिसरात तो पाळणारं ते पहिलं आणि शेवटचं माणूस. मग ती तरातरा इद्रिस यांच्याकडे गेली.

“सत्तावीस!” इद्रिस उठूनच उभे राहिले. एवढ्या संख्येवर गाव तासाभरात बाहेर काढता येत होतं. “कुठे आहेत?”

“जाळले.”

“सगळे?”

“तूच वाचलंस न्हवं? हात लावू नये, जाळावे.”

इद्रिस हळूहळू खाली बसले. गाव उठवायचं तर उंदीर डोळ्यांनी पाहिलेला हवा, नाहीतर पाटलाची वर्दी हवी, नाहीतर रोगी हवा. उंदरांची राख झाली होती. पाटील झोपले होते, आणि जागे असते तरी शेटच्याच ओटीवर असते.

“एक तरी ठेवायचा होतास, कोंडीबाई.”

“त्ये कागदात न्हवतं,” कोंडी म्हणाली.

दोघं वखारीवर गेले. शेट मोठ्या अदबीने सामोरे आले. वखार शेणाने सारवलेली, कोपऱ्यांत धूप जळत होता, उंदीर सोडा, उंदराची लेंडी नव्हती. इतकी स्वच्छ वखार इद्रिस यांनी कधी पाहिली नव्हती, आणि त्यांना कळत होतं की हीच मोठी वाईट खूण आहे. शेट डावा हात अंगापासून जरा लांब धरून चालत होते.

“हाताला काय झालं, शेट?”

“पोतं उचललं काल.”

शेटनं वीस वर्षांत आपलं जेवणाचं ताटसुद्धा उचललं नव्हतं. पण सुजलेला दंड हा काही मेलेला उंदीर नव्हे. इद्रिस यांनी जनाला बोलावलं. सोळा-सतरा वर्षांची, आईसारखीच रुंद कपाळाची पोर सूप घेऊन पुढे आली.

“इथे उंदीर पडले?”

जनाने आधी शेटकडे पाहिलं, मग कोनाड्याकडे. कोनाड्यात घडी घातलेलं लाल लुगडं होतं. शेट दूरदृष्टीचे; ते त्यांनी सकाळीच तिथे आणून ठेवलं होतं.

“न्हाय सायब. येकबी न्हाय.”

कोंडी तिच्या तोंडाकडे बघतच नव्हती. ती पायांकडे बघत होती. घोट्यापासून पोटरीपर्यंत बारीक लाल टिपके उठले होते.

“चल घरी,” ती म्हणाली.

“आठ दिस ऱ्हायलं गं, आये.”

“जने, चल म्हनते.”

“आता आले तर लुगडं न्हाय मिळायचं. आठ दिस तर ऱ्हायलं.”

“जाऊ दे की,” विठूशेट म्हणाले. “मी काय बांधून ठेवलंय? जायचं तर जा बाई. मात्र हंगाम अर्धा टाकून गेलीस, तर मग आपलं बोलणं संपलं.”

कोंडीने तिचा दंड धरला. जनाने सोडवून घेतला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, “तुला काय गं, तुला तुजं पाय धरायला कोन तरी पायजे.” आणि पाखडायला बसली.

कोंडी एकटीच वाडीकडे परतली.

इद्रिस यांनी त्याच संध्याकाळी वरच्या कचेरीला निकडीचा कागद पाठवला. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. त्यात लिहिलं होतं की माहिती देणारी बाई कातकरी असल्याचे दिसते. तरी सदर सत्तावीस उंदीर जाळले गेले की खाल्ले गेले याचा खुलासा करावा. इद्रिस यांनी खुलासा केला. खुलाशाला पोच आली. पोच आली त्याच सकाळी जना वखारीत सूप हातात घेऊन उभी राहिली, दोन पावलं चालली आणि भिंतीला धडकली. तिला तहान तहान होत होती. माठाकडे जाताना ती दारू प्यालेल्यासारखी चालत होती.

तेव्हा शेटनं तिला एका क्षणात मोकळं केलं. दोन गड्यांनी तिला मोडक्या दारावर निजवून वाडीच्या वाटेवर आणून ठेवलं, हाका मारल्या आणि पळाले. शब्दाला मात्र शेट पक्के: हंगाम दोन दिवस अपुरा असूनही लाल लुगडं तिच्या अंगावर पांघरलेलं होतं. त्यावर विमलबाईंनी हळदीकुंकवाची बोटं लावली होती.

कोंडीने जनाच्या जांघेत हात घालून पाहिलं. लिंबाएवढी गाठ. मग तिने वाडीपासून लांब एक पाल घातलं, कुणाला जवळ येऊ दिलं नाही, स्वतः आत बसली. इद्रिस आले ते तीस पावलांवर उभे राहिले. या वेळी त्यांनी रुमाल नाकाला लावला नव्हता.

“कागदात आता काय हाय?” कोंडीने विचारलं.

इद्रिस यांनी जाहीरनामा उघडला, मिटला. गाठ आल्यावर काय करावे, याविषयी त्यात एवढंच होतं की रोग्यास निराळे ठेवावे आणि त्याचे कपडे जाळावे.

“ताक द्या,” ते म्हणाले. “पाणी द्या.”

“त्ये कागदात हाय?”

“नाही.”

जना दोन दिवस बरळली. एकदा डोळे उघडून लुगड्यावर हात फिरवला आणि विचारलं, “मला दिलं?” कोंडी म्हणाली, “दिलं.” तिसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. कोंडीने तिला पुरलं, पाल जाळलं, आणि नियमाप्रमाणे लुगडं जाळलं. नवं सूत, चटकन पेटलं.

जनाला गाठ आली तेव्हाच सरकारला रोगी मिळाला होता. गाव दुसऱ्या दिवशी बाहेर पडलं. उशीर व्हायचा तो झाला होता. शेतातल्या मांडवांत अकरा माणसं गेली, त्यांत विमलबाईही होत्या. शेवटी शेवटी त्या वाडीवरच्या गरिबांची चौकशी करत होत्या म्हणे. टोचलेले विठूशेट ठणठणीत राहिले.

वाडीत जनाखेरीज एकही माणूस दगावलं नाही. गावाने याचा अर्थ लावला. पहिला रोगी कुठला? वाडीचा. उंदीर कोण खातं? वाडी. मेलं कोण? गाव. ज्यांनी रोग आणला त्यांना तो बाधेलच कसा? फाल्गुनात पंधरा-वीस जणांनी जाऊन वाडीतल्या रिकाम्या सातही झोपड्या पेटवल्या, शुद्धीकरण म्हणून. वाडीला पावसापर्यंत बाजारबंदी झाली. इद्रिस यांनी टोपलीसकट सगळं खरं खरं लिहून अकरा पानांचा अहवाल पाठवला. वर त्याचा गोषवारा झाला तो एका ओळीचा: ‘साथीचा उगम, पोशीरनजीकची कातकरी वाडी.’ इद्रिस यांची बदली झाली.

जाण्याआधी ते सोंडेवर गेले. कोंडी दगडावर बसून पहारीला धार लावत होती.

“मला माफ कर, कोंडीबाई.”

“तू काय केलंस?” ती म्हणाली. “कागद वाचलास. मी आइकला.” मग पहार उलटवून म्हणाली, “नव्या कागदात येवडं घाल. समदे जाळू नका म्हनावं. येक ठेवा, सायबाला दावायला.”

दुसऱ्या वर्षी नवा जाहीरनामा निघाला. आजारी उंदीर दिवसा बाहेर येतो, पाण्याकडे जातो, झिंगल्यासारखा चालतो, मांजराला भीत नाही, हे सगळं त्यात कोंडीच्या क्रमाने छापलेलं होतं. एक ठेवण्याबद्दलचं नव्हतं. शेवटी एक नवं कलम होतं: ‘उंदीर खाणाऱ्या लोकांस घरात अथवा वखारीत कामास ठेवू नये.’ ते कोंडीला वाचून दाखवायला कुणी उरलं नव्हतं, एवढी त्यात बरी गोष्ट.

कोंडी त्यानंतर नऊ वर्षं उंदीर काढत होती, एकटीच. १९२६ च्या कार्तिकात अवेळी पाऊस होऊन बांध भिजले होते. दोन दिवस तिचे पाय पोशीरच्या एका बांधातून बाहेर दिसत होते. येणारे-जाणारे बघत आणि म्हणत, कोंडी उंदीर काढतेय.

गावच्या मरणनोंदीत कारणाच्या रकान्यात ‘ताप’ असं लिहिलं आहे.